मार्गघोषणा, संगणक जालातील

एका संगणक जालाने आपल्या शेजारच्या जालास ‘अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतात’ असे कळविण्याच्या क्रियेला मार्गघोषणा म्हणतात. इंटरनेट हे एकच जाल नसून कंपन्या, विद्यापीठे, शासकीय खाती व दूरसंचार-सेवा यांच्या मालकीच्या हजारो जालांचा तो समूह आहे. त्यांपैकी कोणालाही सर्व जगाचा नकाशा दिलेला नसतो. प्रत्येक जाल आपल्याला ठाऊक असलेले मार्ग शेजाऱ्याला सांगते, शेजारी ते पुढे सांगतो आणि या ऐकीव माहितीच्या आधारेच मुंबईतील संगणकाने पाठविलेले पॅकेट टोरांटोतील संगणकापर्यंत जाऊन पोहोचते. जालाजालांमधील घोषणांची ही देवघेव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल या नियमसंचानुसार चालते. त्याचा बीजीपी हा संक्षेप सर्वत्र रूढ आहे. कोणते मार्ग, कोणाला आणि कोणत्या अटींवर घोषित करावयाचे, हे जाल चालविणारा अभियंता आपल्या राउटरमध्ये लिहून ठेवतो. या लेखी मांडणीत एखादी ओळ चुकली वा राहून गेली, तर तिचा परिणाम त्या जालापुरता मर्यादित राहतोच असे नाही. दुसऱ्या खंडातील, त्या अभियंत्याशी कसलाही संबंध नसलेल्या जालाची वाहतूक त्यामुळे बंद पडू शकते व तशी ती अनेकदा पडलेली आहे.

इतिहास : जालांनी परस्परांना मार्ग कळविण्यासाठी इ. स. १९८२ मध्ये एक्स्टीरियर गेटवे प्रोटोकॉल तयार करण्यात आला. मध्यभागी एक मुख्य जाल व त्याला फांद्यांप्रमाणे जोडलेली इतर जाले, अशी रचना त्यात गृहीत धरलेली होती. जाले एकमेकांना आडवी जोडली जाऊ लागली, तशी ही रचना अपुरी पडू लागली. कारण मार्गाचे वर्तुळ होऊन पॅकेटे त्यातच फिरत राहण्याचा धोका होता. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीच्या वेळी सिस्को कंपनीचे कर्क लॉहीड व आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी नव्या प्रोटोकॉलचा आराखडा जेवणाच्या वेळी कागदी हातरुमालांवर उतरवला. त्याच वर्षी जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला. तत्कालीन अडचण निभावून नेणे एवढाच त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात त्याची चौथी आवृत्ती १९९४-९५ मध्ये आली, तिचे सुधारित प्रमाण-संहितेत रूपांतर २००६ मध्ये झाले आणि आजही सर्व इंटरनेट त्याच आवृत्तीवर चालते. आराखडा झाला तेव्हा जाले चालविणारी मंडळी मोजकी व बहुतांशी परस्परांच्या परिचयाची होती. शेजारी सांगतो ते खरे मानावे, हे त्या काळी गैर वाटण्याचे कारण नव्हते. पुढील सर्व अडचणींचे मूळ या गृहीतात आहे.

घोषणेचे घटक : घोषणा एकेका पत्त्याची होत नाही, तर पत्त्यांच्या गटाची होते. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो व तो सोयीसाठी चार दशमान संख्यांनी लिहितात. गट लिहिताना सुरुवातीचे किती द्विमान अंक सर्व पत्त्यांना समान आहेत, ते तिरप्या रेघेनंतर देतात. उदा., २०३.०.११३.०/२४ या गटात पहिले २४ अंक समान असून उरलेल्या ८ अंकांमुळे २५६ पत्ते होतात (हा गट पुस्तकांतील दाखल्यांसाठीच राखून ठेवलेला आहे). रेघेपुढील संख्या जितकी लहान, तितका गट मोठा. /२२ च्या गटात १,०२४ पत्ते असतात.

घोषणा करणाऱ्या जालास स्वायत्त प्रणाली म्हणतात आणि प्रत्येक प्रणालीला एक क्रमांक असतो. आरंभी हे क्रमांक १६ द्विमान अंकांचे, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ होते. ते संपत येणार असे दिसल्यावर २००७ मध्ये ३२ अंकी क्रमांकांची तरतूद झाली. पत्ते व प्रणाली-क्रमांक यांचे वाटप जगातील पाच प्रादेशिक नोंदणी-संस्थांमार्फत होते. आशिया-पॅसिफिक विभागासाठी एपनिक ही संस्था असून भारतापुरते हे काम २०१२ पासून आयरिन ही राष्ट्रीय नोंदणी-संस्था करते.

प्रत्येक घोषणेबरोबर काही गुणविशेष जोडलेले असतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे प्रणाली-मार्ग, अर्थात घोषणा ज्या ज्या प्रणालींतून आली त्यांच्या क्रमांकांची मालिका. घोषणा पुढे पाठविताना प्रत्येक प्रणाली आपला क्रमांक या मालिकेच्या आरंभी लावते. आलेल्या मालिकेत स्वतःचाच क्रमांक आढळल्यास ती घोषणा टाकून दिली जाते. वर्तुळाकार मार्गांचा प्रश्न एवढ्या साध्या युक्तीने सुटला व या प्रोटोकॉलच्या यशाचे बरेचसे श्रेय तिलाच द्यावे लागेल. याखेरीज पॅकेट प्रथम कोणत्या राउटरकडे द्यावयाचे, ते सांगणारा ‘पुढील टप्पा’ आणि अभियंत्यांनी आपसांत ठरविलेल्या खुणांसाठी वापरले जाणारे संख्यात्मक शिक्केही घोषणेसोबत जातात. ‘ही घोषणा तुमच्या प्रणालीबाहेर नेऊ नये’ असा अर्थ असलेला शिक्का १९९६ पासून सर्वमान्य आहे.

दोन शेजारी राउटर टीसीपी या विश्वसनीय वहन-पद्धतीने, १७९ क्रमांकाच्या द्वारावर, एकमेकांशी कायमचा संपर्क ठेवतात. सुरुवातीला सर्व घोषणा एकदा पाठविल्या जातात. त्यानंतर केवळ बदल कळविला जातो : नवी घोषणा, अथवा पूर्वी केलेली घोषणा मागे घेतल्याची सूचना. बदल नसेल तेव्हा ‘मी जागा आहे’ एवढेच सांगणारे छोटे संदेश ठराविक अंतराने जातात. ते ठरलेल्या मुदतीत आले नाहीत, तर शेजारी बंद पडला असे समजून त्याच्याकडून आलेले सर्व मार्ग रद्द केले जातात.

घोषणेची मांडणी : राउटरमध्ये प्रथम स्वतःचा प्रणाली-क्रमांक, नंतर प्रत्येक शेजाऱ्याचा पत्ता व त्याचा प्रणाली-क्रमांक नोंदवितात. दोन्ही बाजूंच्या नोंदी परस्परांशी जुळल्याखेरीज संपर्क सुरू होत नाही. यानंतर कोणता पत्ता-गट आपला म्हणून घोषित करावयाचा, ते लिहावे लागते. सिस्को कंपनीच्या राउटरांत त्यासाठी ‘नेटवर्क’ या शब्दाने सुरू होणारी आज्ञा असते. नवशिक्याला येथे पहिली अडचण येते. आज्ञा लिहूनही घोषणा बाहेर पडत नाही. कारण नेमका तोच गट, तितक्याच लांबीचा, राउटरच्या स्वतःच्या मार्ग-सारणीत असावा लागतो. सारणीत /२४ चे चार तुकडे असतील आणि आज्ञेत त्यांना सामावणारा /२२ चा एक गट लिहिला असेल, तर राउटर गप्प राहतो. जे गाठण्याचा मार्ग स्वतःकडे नाही ते दुसऱ्याला सांगू नये, हा या अटीमागील हेतू सयुक्तिक आहे.

या अटीची पूर्तता करण्यासाठी अभियंते एक प्रयुक्ती वापरतात. संपूर्ण /२२ गटाचा एक स्थिर मार्ग सारणीत लिहितात व त्याचे टोक ‘शून्य’ या काल्पनिक द्वारात, म्हणजे कचऱ्याच्या पेटीत सोडतात. प्रत्यक्ष पॅकेटांना अधिक नेमके असे अंतर्गत मार्ग उपलब्ध असल्याने ती योग्य ठिकाणीच जातात. वापरात नसलेल्या पत्त्यांसाठी आलेली तेवढी पेटीत पडतात. याचा आणखी एक लाभ असा, की इमारतीतील एखादी तार सैल होऊन अंतर्गत मार्ग क्षणोक्षणी जात-येत राहिला, तरी बाहेरील घोषणा स्थिर राहते. असे न केल्यास दर वेळी घोषणा, माघार, पुन्हा घोषणा असा क्रम जगभरच्या राउटरांपर्यंत जातो. अशा चंचल मार्गांना काही काळ वाळीत टाकण्याची सोयही पुष्कळ राउटरांत असते.

घोषणेचा दुसरा प्रकार म्हणजे अंतर्गत मार्ग-प्रोटोकॉलकडील सर्व मार्ग सरसकट बीजीपीमध्ये ओतणे. तो सोपा आहे आणि म्हणूनच टाळावा असे जाणकार सांगतात. त्यात आपण काय घोषित करीत आहोत, हे अभियंत्याऐवजी परिस्थिती ठरविते.

‘काय’ घोषित करावयाचे हे ठरल्यावर ‘कोणाला’ हा प्रश्न उरतो व खरे अवघड काम तेथे आहे. जालांमधील संबंध व्यावहारिक असतात. काही शेजारी ग्राहक असतात, ते वाहतुकीचे पैसे देतात. काही पुरवठादार असतात, त्यांना पैसे द्यावे लागतात. काही समकक्ष असतात व ते आपापल्या ग्राहकांची वाहतूक परस्परांत विनामूल्य बदलतात. समकक्षांच्या अशा भेटीसाठी विनिमय-केंद्रे असतात. भारतात नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. मुंबईसारख्या ठिकाणी तिची केंद्रे निघाल्याने एकाच शहरातील दोन सेवादात्यांची वाहतूक परदेशी फेरा न घेता जागच्या जागी बदलता येऊ लागली. या संबंधांतून निघणारा नियम असा : स्वतःचे व आपल्या ग्राहकांचे मार्ग सर्वांना सांगावेत, समकक्षाकडून अथवा पुरवठादाराकडून कळलेले मार्ग मात्र केवळ ग्राहकांनाच सांगावेत. लिशिन गाओ व जेनिफर रेक्सफर्ड यांनी २००१ मध्ये असे दाखवून दिले, की सर्व जाले याप्रमाणे वागली, तर कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रणाविना सर्व मार्ग स्थिर होतात. बीजीपीला स्वतःला हा नियम ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने ग्राहक व पुरवठादार सारखेच शेजारी होत. म्हणून प्रत्येक शेजाऱ्यासाठी जाणाऱ्या व येणाऱ्या घोषणांची गाळणी वेगवेगळी लिहावी लागते. गाळणी नसल्यास जुन्या पद्धतीचे अनेक राउटर आपल्याकडील सर्व उत्तम मार्ग सर्वांना सांगून मोकळे होत. अटी लिहिलेल्या नसतील तर बाहेरील शेजाऱ्याला काहीही सांगू नये व त्याचे काही स्वीकारूही नये, असा संकेत २०१७ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला.

मार्गाची निवड : एकाच गटाच्या अनेक घोषणा आल्या तर राउटर प्रथम स्थानिक पसंती पाहतो. ही पसंती प्रत्येक प्रणालीने स्वतःपुरती ठरविलेली असते आणि तीत बहुधा पैशाचा विचार असतो : ग्राहकाकडील मार्ग आधी, पुरवठादाराकडील शेवटी. पसंती समान असेल तर ज्याची प्रणाली-मालिका आखूड तो मार्ग निवडला जातो. दोन पुरवठादार असलेले जाल यावरून एक उपाय योजते. ज्या बाजूने वाहतूक कमी यावी असे वाटते, त्या बाजूच्या घोषणेत आपलाच क्रमांक दोन-तीनदा लिहून मार्ग लांब भासविला जातो. ही केवळ विनंती असते. दूरच्या प्रणालीची स्थानिक पसंती वेगळी असल्यास तिचा काहीही उपयोग होत नाही.

याहून प्रभावी असा एक नियम निवडीच्याही अगोदर लागू होतो. पॅकेट पाठविताना राउटर सर्वांत नेमका, म्हणजे सर्वांत लहान गट शोधतो. मोठ्या गटाची घोषणा कितीही विश्वसनीय असो, तिच्या आतील लहान गटाची घोषणा कोणीही केली तरी तिला प्राधान्य मिळते. वाहतूक विभागण्यासाठी अनेक जाले मोठ्या गटाचे तुकडे करून ते घोषित करतात. त्यांची सोय होते, परंतु प्रत्येक तुकड्याची नोंद जगातील सर्व प्रमुख राउटरांना ठेवावी लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी चौथ्या आवृत्तीच्या मार्गांची संख्या पाच लाख बारा हजारांच्या घरात गेली. काही जुन्या राउटरांची स्मृती तेवढ्याच नोंदींसाठी आखलेली होती. ती भरून गेल्याने ठिकठिकाणी सेवा कोलमडल्या. २०२४ पर्यंत ही संख्या नऊ लाखांवर गेली होती.

चुकलेल्या घोषणा : २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील ७००७ क्रमांकाच्या प्रणालीने इंटरनेटवरील मार्गांचा फार मोठा भाग /२४ च्या तुकड्यांत मोडून, मूळ प्रणाली-मालिका गाळून, स्वतःच्या नावाने घोषित केला. तुकडे अधिक नेमके असल्याने जगाची वाहतूक त्या प्रणालीकडे वळली व ती त्या ओझ्याखाली दबून गेली. राउटर बंद केल्यावरही घोषणा इतर जालांत काही काळ फिरतच राहिल्या.

२४ फेब्रुवारी २००८ ची घटना अधिक बोधप्रद आहे. पाकिस्तान सरकारने यूट्यूब हे संकेतस्थळ देशात बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानुसार पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ या गटाचा मार्ग आपल्या जालात शून्याकडे वळविला. हा मार्ग घराबाहेर जावयास नको होता. पण जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १८.४७ वाजता त्याची घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या पुरवठादाराकडे गेली व त्याने ती न तपासता जगाला सांगितली. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ या मोठ्या गटाची असल्याने लहान गट सरस ठरला आणि जगभरच्या प्रेक्षकांची पॅकेटे पाकिस्तानातील कचऱ्याच्या पेटीत जाऊ लागली. २०.०७ वाजता यूट्यूबनेही तोच /२४ गट घोषित केला. त्यामुळे सामना बरोबरीचा झाला व ज्याला ज्याची घोषणा जवळची, तिकडे त्याची वाहतूक गेली. अकरा मिनिटांनी यूट्यूबने आणखी लहान /२५ चे दोन तुकडे घोषित केले. परंतु /२४ हून लहान गट अनेक जाले स्वीकारीतच नाहीत. अखेर २१.०१ वाजता पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमच्या घोषणा मागे घेतल्या, तेव्हा हा प्रकार थांबला. घरगुती उपयोगासाठी केलेली नोंद बाहेर जाऊ न देणारी एक गाळणी पाकिस्तानात किंवा हाँगकाँगात, कोठेही असती तरी हे घडले नसते.

वरील दोन्ही घटनांत घोषणेचे मूळ खोटे होते. मूळ खरे असूनही घोषणा चुकीची ठरू शकते, याचे उदाहरण भारतातील आहे. १२ मार्च २०१५ रोजी हाथवे या सेवादात्याने गूगलकडून समकक्ष या नात्याने कळलेले तीनशेहून अधिक मार्ग आपला पुरवठादार भारती एअरटेल यास सांगितले व एअरटेलने ते जगाला सांगितले. परिणामी, परदेशांतून गूगलकडे जाणारी वाहतूक भारताचा फेरा घेऊ लागली. प्रत्येक घोषणेत मूळ प्रणाली म्हणून गूगलचाच क्रमांक होता. केवळ ज्याला सांगू नये त्याला सांगितले गेले होते. या प्रकारास मार्गगळती म्हणतात. याउलट १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या प्रणालीने दुसऱ्यांचे तीस हजारांहून अधिक गट स्वतःचे म्हणून घोषित केले. हा १९९७ च्या जातीचा दोष होय.

घोषणा मागे घेण्यातही धोका आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची अंतर्गत केंद्रे एकमेकांपासून तुटली. नावांवरून पत्ते सांगणारे तिचे सर्व्हर असे मांडलेले होते, की मुख्य केंद्रांशी संपर्क तुटला तर त्यांनी स्वतःला सदोष समजून आपल्या मार्गघोषणा मागे घ्याव्यात. एखादाच सर्व्हर बिघडला असता तर ही मांडणी उत्तम होती. त्या दिवशी सर्वांनी एकदम माघार घेतली. सर्व्हर चालू होते, परंतु त्यांच्याकडे जाणारी वाट जगाला ठाऊक राहिली नाही. दुरुस्तीची साधनेही त्याच जालावर अवलंबून असल्याने पूर्ववत होण्यास सु. सहा तास लागले.

पडताळणीचे उपाय : सर्वांत जुना व साधा उपाय संख्येच्या मर्यादेचा आहे. दहा गट सांगणाऱ्या ग्राहकाने अचानक दहा हजार सांगितले, तर राउटरने संपर्कच तोडावा, अशी नोंद करता येते. ती केवळ एका ओळीची असते व १९९७ किंवा २०२१ सारख्या प्रसंगी फार मोठे नुकसान टाळते.

पत्त्यांच्या मालकीची पडताळणी करणारी गुप्तलेखनावर आधारित व्यवस्था २०१२ मध्ये प्रमाणित झाली. हीत पत्त्यांचा धारक नोंदणी-संस्थेमार्फत एक स्वाक्षरीयुक्त दाखला प्रसिद्ध करतो : हा गट अमुक प्रणालीनेच मूळ म्हणून घोषित करावा आणि त्याचे अमुक लांबीपर्यंतच तुकडे करावेत. राउटर आलेली घोषणा या दाखल्यांशी ताडून पाहतो व विसंगत असल्यास टाकून देतो. दाखल्यातील लांबीची मर्यादा विचारपूर्वक लिहावी लागते. ती गरजेपेक्षा सैल ठेवल्यास मूळ प्रणालीचा क्रमांक खोटाच मालिकेत घालून लहान तुकडा घोषित करणाऱ्याला वाट मोकळी राहते. फार आवळल्यास धारकाच्या स्वतःच्या घोषणाच अवैध ठरतात. मे २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीतील घोषित मार्गांपैकी निम्म्याहून अधिक मार्गांना असे दाखले होते. मात्र दाखला प्रसिद्ध करणे हे धारकाचे काम, तर तो पाहून घोषणा नाकारणे हे इतरांचे. दुसरे काम किती जाले खरोखर करतात, यावर पहिल्याचे मूल्य अवलंबून असते.

या व्यवस्थेने घोषणेचे मूळ तपासले जाते, मधला मार्ग नव्हे. २०१५ सारखी गळती तिला दिसत नाही. संपूर्ण मालिकेवर टप्प्याटप्प्याने स्वाक्षरी करण्याची बीजीपीसेक ही पद्धत २०१७ मध्ये प्रमाणित झाली. पण राउटरांवर पडणारा गणिताचा भार आणि वाटेतील प्रत्येक प्रणालीने ती स्वीकारण्याची गरज यांमुळे तिचा प्रसार झालेला नाही. मे २०२२ मध्ये प्रमाणित झालेला उपाय अधिक माफक आहे. संपर्क सुरू करतानाच दोन्ही शेजारी आपापली भूमिका, म्हणजे ग्राहक, पुरवठादार की समकक्ष, एकमेकांना सांगतात आणि ती जुळली नाही तर संपर्कच होत नाही. समकक्षाला वा ग्राहकाला दिलेल्या घोषणेवर ‘येथून पुढे फक्त ग्राहकांनाच’ असा शिक्का मारला जातो. तो असलेली घोषणा ग्राहकाकडून पुरवठादाराकडे येऊन पोहोचली, तर ती गळती आहे हे घेणाऱ्या राउटरला स्वतःच ओळखता येते.